युआन-क्रोना: २०१३ पासूनचे दर कुठून घ्यायचे? तीन ठिकाणी तीन आकडे येतात

बिडाचं_कास्टिंग (उद्यमबाग)

नमस्कार मंडळी. हायड्रॉलिक पंपाची बॉडी, बिडाची, मशिनिंग करून स्वीडनला जाते. बिल क्रोनामध्ये. पार्टीचं म्हणणं असं की २०१३ पासून चिनी पुरवठादाराचा भाव आणि आपला भाव शेजारीशेजारी मांडून दाखवा, मगच नवा दर ठरवू. चिनी कोटेशनं युआनमध्ये आहेत, म्हणजे दर वर्षाचा युआन-क्रोना दर लागणार.

अडचण अशी की २०२३ साठी एका तक्त्यात १.५० दिसतो, दुसऱ्यात ०.६७, आणि कस्टमच्या अधिसूचनेतल्या रुपयाच्या दरांवरून काढला तर दीडच्या बराच वर जातो. यातला खरा कुठला? आणि सीएकडं आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांना १९८० पासूनचा आलेखही करायचाय. इतक्या मागचे आकडे कितपत धरता येतात, तेही सांगा की.

दर_आणि_दिनांक

आधी १.५० आणि ०.६७. दोन्ही बरोबर आहेत, एक दुसऱ्याचा उलटा आहे. १ युआनला १.५० क्रोना म्हणजेच १ क्रोनाला ०.६७ युआन. घोटाळा होतो तो चीनमधल्या दोन पद्धतींमुळं. चीनची परकीय चलन व्यवहार यंत्रणा रोज सकाळी सव्वानऊला मध्यवर्ती दर जाहीर करते. त्यात डॉलर, युरो, पौंड यांचे दर ‘१ परकीय चलन = इतके युआन’ असे असतात, पण क्रोनाचा दर ‘१ युआन = इतके क्रोना’ असा असतो. बँक ऑफ चायनाच्या तक्त्यात परत दिशा फिरते, तिथं १०० क्रोनाला किती युआन ते लिहितात. एकाच देशातले दोन तक्ते, आणि एकात १.५ तर दुसऱ्यात ६६-६७. म्हणून फाईलमध्ये स्तंभाच्या डोक्यावर ‘१ युआन = ? क्रोना’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘युआन/क्रोना’ लिहिलं की प्रत्येकजण आपल्या मनानं वाचतो.

चिन्हांचंही बघा. ¥ हे येन आणि युआन दोघांचंही चिन्ह आहे. ‘केआर’ हे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क तिघांचं. जुन्या कोटेशनवर नुसतं चिन्ह असेल तर देश बघूनच चलन ठरवा.

आता दर आणायचा कुठून. या जोडीचा थेट व्यवहार चीनच्या आंतरबँक बाजारात सुरू झाला तोच मुळी डिसेंबर २०१६ मध्ये. त्याआधीचा कुठलाही ‘युआन-क्रोना दर’ हा डॉलर किंवा युरोमार्गे भागाकार करून काढलेला असतो. तेव्हा तो भागाकार आपणच करावा, निदान त्यात काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. तीन रस्ते आहेत.

२००५ नंतरच्या कामाला युरोपियन सेंट्रल बँकेचे युरो संदर्भ दर सगळ्यात सोयीचे. क्रोना तिथं १९९९ पासून आहे, युआन १ एप्रिल २००५ पासून. क्रोनाच्या आकड्याला युआनच्या आकड्यानं भागायचं. २०२३ ची सरासरी धरली तर ११.४८ भागिले ७.६६, म्हणजे १.५०. तुमच्या तक्त्यातला आकडा हाच.

त्यामागचं हवं असेल तर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची मालिका. तिच्यात डॉलरला किती क्रोना हे १९७१ पासून आणि डॉलरला किती युआन हे १९८१ पासून रोजचं मिळतं. दोन्ही न्यूयॉर्कच्या दुपारचे दर. इथंही क्रोना भागिले युआन.

तिसरा रस्ता स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेचा, रिक्सबँकेचा. युआनचा क्रोनामधला दर तिथं तयार मिळतो, महिन्याची आणि वर्षाची सरासरीही. स्वीडिश पार्टीला दाखवायचं असेल तर मी हाच घेईन. त्यांचा हिशेबनीस त्याच आकड्याशी ताडून बघणार.

एका दिवसाचा क्रोना एका ठिकाणाहून आणि युआन दुसऱ्या ठिकाणाहून मात्र कधी घेऊ नका. पेइचिंगची सकाळ, फ्रँकफर्टची दुपार आणि न्यूयॉर्कची दुपार यांत तासांचं अंतर आहे. ११ ऑगस्ट २०१५ ला चीननं मध्यवर्ती दर एका फटक्यात जवळजवळ दोन टक्क्यांनी उतरवला, ६.११६२ वरून ६.२२९८. अशा दिवशी वेळ चुकली की तेवढीच चूक थेट तुमच्या भावात.

पडताळा

वरच्या उत्तराला जोडून, एक्सेलमध्ये कुठं फसतं ते.

फेडरल रिझर्व्हच्या फाईलमध्ये सुट्टीच्या दिवशी रिकामी जागा किंवा नुसता टिंब असतो. टिंब आला की एक्सेल तो मजकूर समजतं आणि भागाकाराच्या जागी त्रुटीची खूण दाखवतं. मग लोक घाईनं तिथं शून्य टाकतात आणि महिन्याची सरासरी खाली जाते. शून्य टाकू नका. सरासरी काढायची असेल तर ती ओळच गाळा. एखाद्या बिलाच्या तारखेचा दर हवा असेल तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्या आणि शेजारी ती तारीख लिहा. चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा असे दोन वेळा चीन सलग बंद असतो, स्वीडन जूनच्या मध्यउन्हाळ्याला बंद असतो. दोन्ही फाईली ओळीला ओळ लावून चिकटवल्या तर इथंच एक दिवस सरकतो, आणि पुढचं अख्खं वर्ष सरकलेलंच राहतं. तारखेवरून शोधून जुळवा, ओळीवरून नको.

दुसरं, सरासरीचं. आधी रोजचा भागाकार, मग सरासरी. उलट केलं तर आकडा बदलतो. समजा, दोनच दिवस आहेत: डॉलरला क्रोना ८ आणि १०, युआन ६ आणि ७. रोजचे भागाकार १.३३३ आणि १.४२९, सरासरी १.३८१. आधी सरासऱ्या काढून भागलं तर ९ भागिले ६.५, म्हणजे १.३८५. उलट्या दरांची सरासरी (०.७५ आणि ०.७०) काढून परत उलटवली तर १.३७९. फरक छोटा दिसतो खरा, पण पार्टीचा माणूस तिसऱ्या दशांशावर बोट ठेवतो तेव्हा कुठून आला ते सांगता यायला हवं.

आणि एक. युआनचे दोन बाजार आहेत, चीनच्या आतला आणि २०१० पासूनचा हाँगकाँगमधला बाहेरचा. चलनाच्या तीन अक्षरी संकेतात (सीएनवाय, सीएनएच) शेवटचं अक्षर ‘वाय’ असेल तर आतला, ‘एच’ असेल तर बाहेरचा. शांत दिवसांत दोघांत फारसा फरक नसतो, बाजार बिथरला की पडतो. दहा वर्षांची मालिका एकाच जातीची ठेवा. रविवार पेठेत मिरचीचा भाव विचारताना ब्याडगी की संकेश्वरी हे आधी सांगावं लागतं, तसंच हे.

आयात_निर्यात_बेळगाव

कस्टमच्या दराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ खाली जाहीर होणारे दर हे मूल्यांकनासाठी आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत. दर पंधरवड्याला बदलतात, आणि प्रत्येक चलनाला दोन स्तंभ असतात, आयातीचा चढा आणि निर्यातीचा उतरता. तुमचा आकडा दीडच्या बराच वर गेला, कारण युआन तुम्ही आयातीच्या स्तंभातून घेतला आणि क्रोना निर्यातीच्या. दोन्हीकडचं अंतर एकाच बाजूला साचलं. दोन्ही एकाच स्तंभातून घेतले तर आकडा दीडच्या जवळ येईल, खरं तरीही तो पार्टीला दाखवायचा आकडा नव्हे.

हा दर लागतो तिथं मात्र दुसरा चालत नाही. चीनमधून इन्सर्ट किंवा सील किट युआनच्या बिलावर आले तर बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवशी लागू असलेला दर. क्रोनाच्या निर्यातीला शिपिंग बिलाच्या तारखेचा. जीएसटीत मालाच्या मूल्यालाही नियम ३४ प्रमाणं हाच कस्टमचा दर, सेवेसाठी मात्र हिशेबाच्या सर्वमान्य तत्त्वांप्रमाणं. वहीत नोंद करताना व्यवहाराच्या तारखेचा दर, आणि पैसे येतील तेव्हाचा फरक नफ्या-तोट्यात वेगळा. म्हणजे एकाच बिलाला तीन दर लागू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. तक्त्यात तीन स्तंभ करा, एकात कोंबू नका.

बँकेचा दर चौथा. इथली शाखा क्रोनाचे रुपये करताना सहसा डॉलरमार्गे जाते, म्हणजे खरेदी-विक्रीच्या दरांतलं अंतर दोन वेळा कापलं जातं. शाखेत लावलेला छापील दर आणि ट्रेझरीकडून (बँकेच्या परकीय चलन विभागाकडून) मागवलेला दर यांत फरक असतो. रक्कम मोठी असेल तर त्या दिवशीचा ट्रेझरीचा दर मागून घ्यावा.

बिडाचं_कास्टिंग (उद्यमबाग)

लई उपकार मंडळी. स्तंभ एकच करून बघितला, आकडा दीडच्या जवळ आला. आता रिक्सबँकेचाच धरतो.

पोरांच्या आलेखाचं बघा की कुणी. १९९३ वरून १९९४ ला रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी दिसते. पोरं म्हणतात फाईलच चुकली.

दर_आणि_दिनांक

फाईल बरोबर आहे. वार्षिक सरासरी बघा, १ युआनला क्रोना, सगळे सुमारे: १९८५ ला २.९, १९९० ला १.२४, १९९२ ला १.०६, १९९३ ला १.३५, १९९४ ला ०.९०.

या चार-पाच आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. ८५ ते ९० ही घसरण मोठ्या भागानं युआनची. जुलै १९८६ ला डॉलरचा दर ३.७ युआनच्या आसपास केला, डिसेंबर १९८९ ला ४.७२, नोव्हेंबर १९९० ला ५.२२. ९२ ते ९३ ची चढण मात्र सगळी स्वीडनची. क्रोना तेव्हा युरोपच्या एकूला (युरोच्या आधीच्या हिशेबी चलनाला) बांधलेला होता. सप्टेंबर १९९२ मध्ये तो वाचवायला रिक्सबँकेनं आपला व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला, तरी टिकला नाही, आणि १९ नोव्हेंबर १९९२ ला सोडून द्यावा लागला. क्रोना पडला म्हणून युआन महाग दिसतो. चीनमध्ये त्या वर्षी तसं काही घडलं नव्हतं.

मग १ जानेवारी १९९४. चीननं अधिकृत दर ५.८० वरून ८.७० केला. एका रात्रीत युआन १.४ क्रोनावरून ०.९५ च्या आसपास आला. पोरांना दिसतो तो कडा हाच.

पडताळा

त्या कड्याबद्दल एक दुरुस्ती, आणि ती आलेखाखाली लिहायलाच हवी. ५.८० हा अधिकृत दर होता, पण १९९३ साली चीनमधले बहुतेक परकीय चलनाचे व्यवहार त्या दरानं होतच नव्हते. ते ‘स्वॅप केंद्रां’मध्ये (कंपन्या आपसात परकीय चलन विकायच्या-घ्यायच्या त्या ठिकाणी) व्हायचे, आणि तिथला दर आधीच ८.७ च्या आसपास पोचला होता. १ जानेवारीला अधिकृत दर उचलून तिथं नेऊन ठेवला, इतकंच. म्हणजे स्वीडनचा आयातदार स्वॅप दरानं चालणाऱ्या कारखान्याकडून माल घेत असेल तर त्याला त्या रात्री काही स्वस्त झालं नाही. कागदावर तिसरा हिस्सा उडाला.

त्याच्याही आधी, १९८१ ते १९८४ मध्ये, परदेशी व्यापाराला वेगळा २.८० चा अंतर्गत दर होता, आणि जाहीर दर त्याहून बराच खाली. म्हणून १९९४ च्या आधीची रेघ तुटक काढा आणि ‘अधिकृत दर’ असं लिहा. पुढची अखंड.

१९९४ नंतरचं वाचायला एक युक्ती. १९९७ ते २१ जुलै २००५ युआन डॉलरला ८.२८ वर बांधलेला होता. परत जुलै २००८ ते जून २०१० तो ६.८३ वर थांबवला. या दोन पट्ट्यांत रेघ हलते ती सगळी डॉलरसमोरच्या क्रोनाची हालचाल आहे. २००१ ला १.२५, २००४ ला ०.८९, चीननं बोटही लावलेलं नाही. २००८ च्या जुलैत ०.८८ च्या आसपास, मार्च २००९ मध्ये १.३ च्या वर, तेही तसंच. मंदीच्या भीतीत लोक छोटी चलनं टाकून डॉलरकडं धावले आणि क्रोना आपटला. ‘युआन वधारला’ असं त्या पट्ट्यांखाली पोरांनी लिहू नये.

जुन्या_वह्या

१९८० च्याही मागं जायची हौस असेल तर तीन थांबे पक्के धरता येतात, कारण तिथं दोन्ही चलनं कशाला तरी बांधलेली होती आणि भागाकार हातानं करता येतो.

१ मार्च १९५५ ला चीननं नवा युआन आणला, जुने १०,००० म्हणजे नवा १. डॉलरचा दर २.४६१८, आणि तो १९७१ पर्यंत हलला नाही. स्वीडनचा क्रोना डॉलरला ५.१७३२. म्हणजे १ युआन = २.१० क्रोना, सोळा वर्षं तोच. डिसेंबर १९७१ ला डॉलर स्वतःच खाली आला, क्रोना ४.८१२९ आणि युआन सुमारे २.२७, भागाकार २.१२. थोडक्यात, हलला तो डॉलर.

त्याच्या मागं ४ नोव्हेंबर १९३५. चीननं चांदीचं चलन सोडून कागदी ‘फाबी’ युआन आणला आणि त्याचा दर साडेचौदा ब्रिटिश पेन्सवर धरला. स्वीडननं १९३१ ला सोनं सोडलं होतं आणि १९३३ पासून पौंडाला १९.४० क्रोना असा दर होता. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स, म्हणून साडेचौदा भागिले २४०, गुणिले १९.४०: १ युआन = १.१७ क्रोना. आपला रुपया तेव्हा १८ पेन्स, म्हणजे १.४५५ क्रोना. आज एका क्रोनाला कितीतरी रुपये मोजताना हे वाचावं.

१.१७ आणि अलीकडचे १.३-१.५ जवळचे दिसतात म्हणून एका रेघेत जोडू नका. मधे फाबी बुडाला, १९४८ ला ३० लाख फाबींचा एक ‘सोन्याचा युआन’ केला, तोही बुडाला, मग रेन्मिन्बी (आजच्या युआनचं अधिकृत नाव), आणि त्याचीही चार शून्यं काढली. तो युआन आणि हा युआन यांत नावाखेरीज काही सामायिक नाही.

अठराव्या शतकात तर दर नव्हताच, वजन होतं. गोथेनबर्गच्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची (१७३१ ते १८१३) जहाजं चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) जाताना वाटेत स्पेनच्या काडिझ बंदरात स्पॅनिश चांदीचे डॉलर भरून घ्यायची. कँटनमध्ये ते मोजून नाही, तोलून घेतले जायचे. हिशेबाचं प्रमाण १००० डॉलर = ७२० ताएल (चांदी तोलायचं चिनी वजन). स्वीडनमध्ये त्या काळी रोजच्या वापराला तांब्याच्या पत्र्यांचं नाणं होतं, ते कँटनमध्ये कोण घेणार? म्हणून तिसऱ्याची चांदी. या दोन चलनांच्या मधे तेव्हाही तिसरंच चलन होतं, आजही डॉलर किंवा युरो आहे.

आयात_निर्यात_बेळगाव

मूळ प्रश्नाकडं येऊ, कारण पार्टीसमोर मांडताना एक मोठी गोष्ट निसटू शकते.

२०१३ ची सरासरी सुमारे १.०६, २०२३ ची १.५०. चिनी पंप बॉडी दोन्ही वर्षी ६२ युआनच असती तरी पार्टीला ती ६५.७ क्रोनावरून ९३ ला पडली असती, ४१ टक्के चढी, चिन्यानं दमडी न वाढवता. आता आपलं बघा. २०१३ ला क्रोना सुमारे ९ रुपये, २०२३ ला सुमारे ७.७८. तुमचा भाव ५४० रुपयेच राहिला असता तर ६० क्रोनाचे ६९.४ झाले असते, १६ टक्के. म्हणजे दोघंही क्रोनात महागले, खरं चिनी जास्त. हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, तो पहिल्या पानावर घ्या.

अर्थात भाव स्थिर राहिलेले नाहीत. पिग आयर्न, स्क्रॅप, वीज, मजुरी, इकडची वाढ वेगळी आणि तिकडची वेगळी. म्हणून वाढीची फोड करून दाखवा. समजा चिनी भाव ६२ चा ६६ युआन झाला. एकूण वाढ ३३.२८ क्रोना. त्यातली दराची ६२ गुणिले ०.४४, म्हणजे २७.२८. भावाची ४ गुणिले १.०६, म्हणजे ४.२४. उरलेले १.७६ दोन्हींच्या मिश्रणाचे, ते वेगळ्या ओळीत ठेवा, उगीच कुठंतरी घुसवू नका. आपल्या भावाचीही अशीच फोड. मग पार्टीला दिसतं की वाढीतलं किती कारखान्याच्या हातात होतं आणि किती नव्हतं.

२०२३ हे टोकाचं वर्ष आहे, हेही स्वतःहून सांगून टाका. २०२५ मध्ये क्रोना सावरला आणि दर परत १.३ च्या घरात आला. तुम्ही २०२३ वरच थांबलात तर ते पुढचा आकडा स्वतः काढतील आणि मग तुमच्या सगळ्याच तक्त्यावर शंका घेतील.

बिडाचं_कास्टिंग (उद्यमबाग)

हे तर डोक्यातच नव्हतं, आम्ही नुसता आपलाच भाव कमी करत बसलो असतो. नव्या करारात दराची अट घालायची झाली तर शब्द कसे असावेत?

दर_आणि_दिनांक

तुमचं बिल क्रोनात आणि खर्च रुपयात, तेव्हा अट रुपया-क्रोनाची हवी. युआनची नको. युआनचा तक्ता वाटाघाटीपुरता.

अटीत एवढं लिहून घ्या. पायाभूत दर: अमुक महिन्याची सरासरी, ‘१ क्रोना = इतके रुपये’, चार दशांश. स्रोत: रिक्सबँक, मासिक सरासरी. तपासणी दर तिमाहीला, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर. तीन टक्क्यांच्या आतला फरक ज्याचा त्यानं सोसायचा, त्यापुढचा भाग निम्मा-निम्मा. स्रोतानं तो दर देणं थांबवलं तर युरोपियन सेंट्रल बँकेच्या दोन दरांचा भागाकार. आणि नवा भाव कुठल्या मालाला लागू तेही, ऑर्डरच्या तारखेनं की शिपिंग बिलाच्या. हे शेवटचं राहून जातं, आणि माल वाटेत असताना त्यावरूनच पत्रव्यवहार सुरू होतो.